खाऱ्या पाण्याच्या टाकीचा घरगुती नियंत्रक : आधी पाहू द्या, मग करू द्या

कल्याण-शीळ रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महाप्याकडे जाणारा रस्ता जिथे एकत्र येतात, त्या शीळफाट्याजवळ खाडी आहे, पण समुद्राची गार हवा नाही. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे सुटले आणि समुद्रावरचा वारा उशिरा आला, की इथला पारा दुपारी चाळीस अंशांपर्यंत चढतो. खाऱ्या पाण्यातल्या शोभेच्या माशांना मात्र २४ ते २७ अंश सेल्सिअसचे पाणी लागते, आणि तेही दिवसातून एखाद्या अंशापेक्षा फारसे वरखाली न होणारे. त्यात कधी दुरुस्तीसाठी, कधी पहिल्या वळवात वीज जाते. घरातला माणूस सकाळी दिव्याची किंवा डोंबिवलीची लोकल पकडून जातो तो रात्रीच परततो. अशा ठिकाणी टाकीवर लक्ष ठेवणारे एखादे यंत्र असावे असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ते घरी बांधणे आज अवघडही राहिलेले नाही. वायफाय असलेला ईएसपी३२ बोर्ड, दोन-तीन सेन्सर आणि चार रिले एवढे सामान लॅमिंग्टन रोडवर किंवा घरबसल्या काही शे रुपयांपासून मिळते. पण बांधायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की ठरवली पाहिजे. यंत्राने काय पाहायचे आणि काय करायचे हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाहण्याच्या कामात ते चुकले तर आपली फसगत होते, करण्याच्या कामात चुकले तर मासे मरतात. म्हणून पाहण्याचे काम त्याला मोकळ्या हाताने द्यावे. करण्याचे काम फक्त तिथेच द्यावे, जिथे त्याची वाईटातली वाईट चूकही टाकी सोसू शकेल. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका नियमातून निघते.

टाकी कशाची, यावर यंत्राचा आकार ठरतो. परदेशी छंदिष्टांचे आराखडे बहुतेक प्रवाळांच्या टाक्यांसाठी असतात. त्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची द्रावणे थेंबाथेंबाने सोडणारे पंप असतात, दिवसभर रंग बदलणारे दिवे असतात आणि त्या सगळ्याला हुकूम देणारा संगणक असतो. आपल्याकडे प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या किनाऱ्यावरून काढलेले प्रवाळ घरात ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असणेच योग्य आहे. तेव्हा इथे विचार करायचा तो क्लाउनफिश, डॅमसेल अशा माशांच्या टाकीचा, आणि तेही शक्यतो हॅचरीत जन्मलेल्या माशांच्या. क्लाउनफिशची पैदास भारतात चांगली साधली आहे. महाप्याच्या पलीकडे ऐरोलीत कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रातही त्यावर काम झाले आहे. नुसत्या माशांच्या टाकीला द्रावणे सोडणारे पंप लागत नाहीत आणि महागडे दिवेही लागत नाहीत. परदेशी आराखड्यातली निम्मी यंत्रणा इथेच गळून पडते, आणि जे यंत्र नाही ते बिघडतही नाही. पाण्याबद्दलही एक गोष्ट लगेच सांगून टाकावी. देसाई किंवा मुंब्र्याची खाडी कितीही जवळ असली, तरी ते पाणी टाकीत घालू नये. त्यात सांडपाणी आहे, कारखान्यांचे पाणी आहे, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणा पार उतरतो. आरओचे पाणी आणि तयार सागरी मीठ, हाच इथला समुद्र.

पाहण्याची सुरुवात तापमानापासून करावी, कारण तापमान अचूक आणि स्वस्तात मोजता येते. डीएस१८बी२० हा सेन्सर उणे १० ते ८५ अंशांच्या पट्ट्यात अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असतो. त्याला ४.७ किलोओहमचा एक रोध जोडला की एकाच तारेवर असे अनेक सेन्सर चालतात. दोन लावा, एक मुख्य टाकीत आणि एक खालच्या संपमध्ये, म्हणजे पाणी जिथून फिरून येते त्या टाकीखालच्या दुसऱ्या टाकीत. त्यांच्यात एका अंशाहून जास्त फरक दिसू लागला, तर बहुधा पंप थांबलेला असतो किंवा एक सेन्सर मरायला टेकलेला असतो. दोन्ही बातम्या वेळेवर मिळणे मोलाचे आहे. या सेन्सरच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. वीज नुकतीच मिळाली आणि मोजणी पूर्ण व्हायच्या आत विचारले, तर तो ८५ अंश सांगतो. तार तुटली, तर नेहमीच्या प्रोग्रॅम लायब्ररीतून उणे १२७ असे उत्तर येते. प्रोग्रॅममध्ये याची दखल नसेल, तर उणे १२७ वाचून यंत्राला टाकी गोठल्यासारखी वाटेल आणि ते हीटर लावून ठेवेल. म्हणून १५ च्या खाली आणि ४० च्या वर येणारे प्रत्येक मोजमाप खोटे समजावे, तशी सूचना फोनवर पाठवावी, आणि त्या मोजमापावरून कोणतीही कृती करू नये. आणखी एक : 'वॉटरप्रूफ' म्हणून मिळणाऱ्या सेन्सरचे स्टीलचे टोपण खाऱ्या पाण्यात गंजते. त्यावर इपॉक्सीचा थर द्या किंवा तळ बंद असलेल्या काचेच्या नळीत सेन्सर बसवा. मोजमाप थोडे सावकाश बदलेल, पण टाकीतले पाणीही सावकाशच तापते.

हे एवढे जमले, की निदान महिनाभर यंत्राला फक्त नोंद ठेवू द्यावी. रिले बाजूला ठेवा. हा महिना अनेकांना वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्याच नोंदीवर उभा राहतो. तुमच्या घरात पाणी दुपारी किती वाजता सर्वांत गरम होते, खिडकी बंद-उघडी केल्याने काय फरक पडतो, दिव्यांनी किती अंश वाढतात, रात्री किती उतरते, रोज किती लिटर पाणी उडून जाते, ही माहिती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ती तुमच्या इमारतीची आहे, तुमच्या मजल्याची आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटची आणि त्याच इमारतीत खाली सावलीत असलेल्या घराची आकडेवारी जुळत नाही.

नोंदीचा पहिला उपयोग गार करण्याच्या प्रश्नात होतो, आणि इथे शीळफाट्याची हवा परदेशी सल्ल्याला छेद देते. पाण्यावर पंखा मारला की पाणी उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात, तर दीडशे लिटर खारे पाणी एका अंशाने बदलायला सुमारे ६ लाख. म्हणजे एक लिटर पाणी उडाले, तर तेवढ्या टाकीतून जवळपास चार अंशांची उष्णता निघून गेली. संगणकातले १२ व्होल्टचे दोन पंखे हे काम करू शकतात. पण ते किती खाली नेतील याची मर्यादा पंख्यावर नसते, हवेतल्या ओलाव्यावर असते. चाळीस अंशांची आणि २० टक्के आर्द्रतेची एप्रिलमधली कोरडी दुपार घेतली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवेल. पाणी २७ अंशांवर रोखून धरायला तिथे वाव आहे. जुलैमध्ये हवा ३० अंशांची असेल आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर तोच तापमापक २८ च्या आसपास थांबतो, आणि पंखा कितीही फिरवला तरी पाणी त्याखाली जात नाही. आपल्याला भीती एप्रिलची वाटते, पण पंख्यावर विसंबलेल्या टाकीला सावकाश सतावणारा महिना पावसाळ्यातला असतो. म्हणून यंत्राला हवेतली आर्द्रता मोजणारा एक साधा सेन्सरही द्या. ओल्या हवेत पंखा लावून ठेवण्यात अर्थ नाही हे त्याला त्यातूनच कळेल, आणि चिलर घ्यायचा की नाही हा पैशाचा मोठा निर्णय तुम्हाला आकड्यांवरून घेता येईल. पंखा हे यंत्राच्या हाती द्यायला सर्वांत सुरक्षित साधन आहे. तो अडकून रात्रभर चालू राहिला, तर पाणी थोडे गार होईल आणि थोडे जास्त उडेल. बंद पडला, तर तापमानाची सूचना येईल.

उडालेले पाणी भरून काढण्याचे काम मात्र तितकेसे निरुपद्रवी नाही. पाणी उडते, मीठ मागे राहते. दीडशे लिटरच्या टाकीतून रोज दोन लिटर उडाले आणि दहा दिवस भर घातलीच नाही, तर खारेपणा हजारी ३५ वरून ४० वर जातो. म्हणून फ्लोट स्विच आणि छोट्या पंपाने गोडे पाणी आपोआप भरण्याची सोय हवीहवीशी वाटते, आणि ती असावीही. पण माशांचा जीव जातो तो बहुधा याच सोयीत. स्विचवर मीठ साचते, गोगलगाय चढून बसते, तरंगणारा भाग अडकतो आणि पंप चालतच राहतो. यावरचा पहिला उपाय प्रोग्रॅममध्ये नाही, तो पाण्याच्या पिंपात आहे. भर घालण्याचे पिंप दहा लिटरचे ठेवले, तर सगळे पाणी ओतले गेले तरी खारेपणा ३५ वरून ३३ च्या जरा खाली येईल, जो मासे सोसतात. वीस लिटरचे ठेवले तर तो ३१ च्या खाली जाईल. 'आठवडाभर भरायला नको' म्हणून मोठे पिंप ठेवणे ही इथली सर्वांत महाग पडणारी सोय आहे. संपमध्येही हे दहा लिटर मावतील एवढी रिकामी जागा हवी. त्यानंतर दोन स्विच : एक नेहमीच्या पातळीचा, दुसरा त्याच्या जरा वर, आणि दुसरा उचलला गेला की पंपाची वीज थेट तुटेल अशा रीतीने तारेतच मालिकेत जोडलेला. मग तिसरे बंधन वेळेचे. नोंदीत रोज दोन लिटर दिसले असतील, तर यंत्राने दिवसाला तीन लिटरपेक्षा जास्त भरूच नये आणि एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त पंप चालवू नये. नळीचे तोंड पाण्याच्या वर राहू द्या आणि पिंप टाकीच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर पंप बंद झाल्यावरही पाणी उताराने वाहत राहील.

आता रिले. रिलेला दोन बाजू असतात, एक निवांत असताना जोडलेली आणि एक निवांत असताना तुटलेली. कोणते साधन कोणत्या बाजूला जोडायचे, हा या यंत्रातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि तो प्रोग्रॅम लिहिण्याआधी कागदावर घ्यावा. विचारायचे एवढेच : बोर्ड मेला तर हे साधन चालू राहिलेले बरे की बंद पडलेले बरे? पाणी फिरवणारा मुख्य पंप चालूच राहायला हवा, म्हणून तो निवांत-जोडलेल्या बाजूला. हीटर, भर घालणारा पंप आणि चिलर बंद पडायला हवेत, म्हणून ते निवांत-तुटलेल्या बाजूला. बाजारातले बरेच रिले बोर्ड उलटे चालतात, म्हणजे इशारा खाली गेला की ओढतात. शिवाय ईएसपी३२ सुरू होताना त्याच्या ०, २, १२ आणि १५ या पिनांची अवस्था क्षणभर आपल्या हातात नसते. या पिनांवर रिले जोडू नका, आणि प्रत्येक रिलेच्या तारेला बाहेरून रोध लावून ती निवांत अवस्थेत धरून ठेवा. वीज गेली-आली, गेली-आली असे पाच वेळा झाले, तर बोर्ड पाच वेळा सुरू होणार आहे, हे गृहीत धरूनच जोडणी करावी.

हीटर शीळफाट्यात वर्षातून फार थोड्या रात्री लागतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी २३ च्या खाली जाऊ लागले तर लावावा. पण रिलेचे टोक वितळून चिकटले, तर २०० वॉटचा हीटर दीडशे लिटर पाणी साधारण पन्नास मिनिटांत एका अंशाने तापवतो. तुम्ही कामावर असताना दहा तासांत पाण्याचे काय होईल, हे सांगायला नको. म्हणून हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २५ वर ठेवावा आणि यंत्राने २६ ला त्याची वीज तोडावी. दोघे एकदम चुकण्याची शक्यता एकट्याने चुकण्यापेक्षा खूप कमी असते. त्याहून सोपा उपाय म्हणजे हीटरच लहान घेणे. ७५ वॉटचा हीटर अडकला तरी इतकी घाई करत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाला नुसती सूचना काय कामाची? सीएसएमटीला बसून 'पाणी ३० अंश' वाचले, तरी हात पोहोचत नाहीत. त्याचे उत्तर असे, की इथल्या टाकीवरचे सर्वांत मोठे संकट ज्या वेळी येते त्या वेळी स्वयंचलित यंत्राचेही हात पोहोचत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली, आणि ती सगळीकडे परत यायला कित्येक तास लागले. अशा वेळी पंप, पंखा, चिलर, सगळेच थांबते. खाऱ्या पाण्यात आधीच प्राणवायू कमी विरघळतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.८, आणि ३० अंशांना तो ६.२ च्या आसपास उतरतो. त्याच वेळी गरम पाण्यात माशांची गरज वाढलेली असते. या संकटावर इलाज एकच आणि स्वस्त आहे : वीज गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप. तो नियंत्रकाच्या आधी विकत घ्यावा, आणि त्याचा नियंत्रकाशी काहीही संबंध ठेवू नये.

सूचनेच्या बाबतीत मात्र एक युक्ती आवश्यक आहे. वीज गेली की राउटर जातो, आणि राउटर गेला की यंत्र 'वीज गेली' हे सांगू शकत नाही. म्हणून उलटी व्यवस्था करावी. यंत्राने दर पाच मिनिटांनी बाहेरच्या एखाद्या सेवेकडे 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवावा, आणि पंधरा मिनिटे निरोप आला नाही तर त्या सेवेने तुमचा फोन वाजवावा. अशा फुकट सेवा आहेत. मग वीज, इंटरनेट, बोर्ड यांपैकी काहीही गेले तरी तुम्हाला कळते. कळल्यावर शेजारच्या काकूंना किंवा इमारतीतल्या एखाद्या मुलाला फोन करता आला पाहिजे, आणि काय करायचे ते टाकीवरच चार ओळींत मराठीत लिहून चिकटवलेले असले पाहिजे. वीज केव्हा येणार हे विचारायचे तर शीळ, मुंब्रा, कळव्याचे वितरण १ मार्च २०२० पासून टोरंट पॉवरकडे आहे आणि डोंबिवलीकडे महावितरण. फाट्याच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांनी आपला तक्रार क्रमांक आधीच लिहून ठेवावा.

दुसरा आक्षेप मोजमापांचा. खाऱ्या पाण्यात पीएच आणि खारेपणा महत्त्वाचे, मग यंत्र त्यावर का चालवू नये? पीएचचा प्रोब मोजतो ती एका पीएचमागे सुमारे ५९ मिलिव्होल्टची अतिशय क्षीण वीज. पाण्यातल्या एखाद्या पंपातून किंचित गळती झाली तरी आकडा सरकतो. प्रोब महिन्याला ७ आणि १० च्या द्रावणात तपासावा लागतो आणि वर्ष-दीड वर्षात बदलावा लागतो. शिवाय दारे-खिडक्या बंद करून एसी लावला, की खोलीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडनेच पीएच ७.८ पर्यंत उतरतो. तिथे औषध ओतायचे नसते, खिडकी उघडायची असते. तेव्हा पीएच दाखवावा, त्याचा आलेख काढावा, पण त्यावर एकही पंप चालवू नये. खारेपणाच्या बाबतीत बाजारातला स्वस्त टीडीएस सेन्सर घेऊन बरेच जण फसतात. तो साधारण १००० पीपीएमपर्यंत मोजतो आणि समुद्राचे पाणी ३५,००० च्या घरात असते. खरा वाहकता-प्रोब २५ अंशांना सुमारे ५३ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर मोजणारा हवा, आणि तो महाग असतो. त्याऐवजी हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवा आणि आठवड्यातून एकदा मोजा. अमोनिया आणि नायट्रेट तर घरगुती यंत्राला नीट मोजताच येत नाहीत. त्यासाठी चाचणीची बाटली आणि दिवसातून एकदा माशांकडे नीट पाहणारा डोळा याला पर्याय नाही.

तयारच का घेऊ नये, असेही कोणी विचारेल. नेपच्यूनचा एपेक्स किंवा जर्मनीच्या जीएचएलचा प्रोफीलक्स उत्तम यंत्रे आहेत, आणि ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावीत. पण ती प्रवाळांच्या टाकीचा पसारा डोळ्यांसमोर ठेवून बनवली आहेत. एखादा भाग बिघडला, तर बदली मिळायला आठवडे लागू शकतात. स्वतः बांधलेल्या यंत्रातला रिले त्याच संध्याकाळी बदलता येतो, कारण तो कुठे आहे आणि का आहे हे तुम्हाला ठाऊक असते. ज्याला २३० व्होल्टच्या तारा हाताळण्याचा सराव नाही, त्याने मात्र तो भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावा. यात तडजोड नको. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते. टाकीची सगळी वीज ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून यावी, घरातले अर्थिंग खरे आहे की नुसते नावाला हे तपासून घ्यावे, आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या आधी खाली वळवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी वळणावरच ठिबकेल. यंत्राची पेटी टाकीखालच्या दमट कपाटात नको. ती बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीच्या वर असावी, आणि तारांची भोके रबराने बंद करावीत. कोकणातल्या घरात पाली उबदार पेट्या शोधत येतात, आणि दोन टोकांमध्ये आलेली पाल रिले बोर्ड जाळू शकते.

सगळे जोडून झाल्यावर, मासे आणण्याआधी, टाकीत नुसते खारे पाणी असताना यंत्राला मुद्दाम छळावे. चालू असताना सेन्सरची तार उपटा आणि हीटर बंद राहतो का ते पाहा. फ्लोट स्विच बोटाने दाबून धरा आणि अर्ध्या मिनिटाने पंप थांबतो का ते मोजा. बोर्डाचा प्लग काढा, पाणी फिरत राहिले पाहिजे. मेन स्विच पाडा, हवापंप सुरू झाला पाहिजे आणि पंधरा मिनिटांत फोन वाजला पाहिजे. भर घालण्याचे पिंप पूर्ण ओतून द्या आणि लादीवर एक थेंबही येत नाही याची खात्री करा. यातले जे चुकेल ते दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून करा, आणि हीच परीक्षा दरवर्षी मार्च उजाडण्याआधी एकदा आणि पाऊस सुरू होण्याआधी एकदा घ्या.